मधल्या बोटाखालची रेघ : लॅपटॉपचा बिघडलेला कीबोर्ड ओळखणं आणि बदलणं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी जोडाक्षरं सुटी होऊ लागली. 'विद्यार्थी' लिहायला जावं तर पडद्यावर 'विदयारथी' उमटायचं, 'प्रश्न'चं 'परशन' व्हायचं. आधी फॉन्टवर संशय घेतला. मग एक इंग्रजी पत्र लिहिताना ध्यानात आलं की डी हे अक्षरच उमटत नाही. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकन करते. १९९१च्या भारतीय मानकात नोंदवलेल्या या कळफलकात स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला असतात, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. डीच्या जागी असतं पाय मोडण्याचं चिन्ह. तेवढं एक बटण गेलं आणि कुठल्याच अक्षराचा पाय मोडता येईना.

चार दिवसांनी ई गेलं, म्हणजे काना गेला. पाठोपाठ सी गेलं, म्हणजे 'म' गेला. त्या दिवशी मी 'मराठी' हा शब्द लिहिला तेव्हा पडद्यावर फक्त 'रठी' आलं. सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली, तर ३चा अंकही बंद होता. ३, ई, डी, सी. टंकन शिकलेल्या माणसाला ही चार नावं एका दमात आठवतात, कारण ही चारही बटणं डाव्या हाताच्या मधल्या बोटाची आहेत, वरून खाली एका ओळीत उभी.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, की कीबोर्ड बिघडला म्हणजे काय बिघडलं हे कीबोर्ड स्वतःच सांगत असतो. कोणती बटणं बंद आहेत, कोणती चालू आहेत आणि कशी वागत आहेत, याची कागदावर केलेली यादी हेच अर्धं निदान असतं. ती यादी न करता स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, किंवा घाबरून नव्या लॅपटॉपच्या किमती पाहायला लागलो, तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जाण्याचा संभव फार.

बटणाच्या खाली

यादी वाचता यायची तर बटणाच्या खाली काय असतं ते माहीत हवं. आपलं बोट ज्याला लागतं ती प्लॅस्टिकची टोपी. तिच्याखाली कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले दोन नाजूक प्लॅस्टिकचे तुकडे असतात. टोपी कोपऱ्यावर दाबली तरी ती सरळ खाली जावी, वाकडी होऊ नये, हे या कात्रीचं काम. कात्रीच्या मधोमध रबराचा एक छोटा घुमट असतो. बोट उचललं की बटण वर येतं ते या घुमटामुळे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बटण खाली जातं ते जेमतेम १ ते १.५ मिलिमीटर.

घुमटाच्या खाली खरा कारभार. तिथे पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर चांदीचे कण मिसळलेल्या शाईने रेघा छापलेल्या असतात आणि त्या रेघांतून वीज वाहते. मधला पडदा कोरा असतो, फक्त प्रत्येक बटणाच्या जागी त्याला भोक असतं. बोट दाबलं की वरचा पडदा त्या भोकातून खाली वाकतो, दोन रेघा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. बोट उचललं की रेघा पुन्हा अलग.

लॅपटॉपवर ८० ते १०० बटणं असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यायची तर तारांचा गुंता होईल. म्हणून नाट्यगृहातली खुर्ची जशी रांग आणि क्रमांक या दोन गोष्टींवरून सापडते, तसं बटण शोधलं जातं. समजा एका दिशेच्या ८ रेघा आहेत आणि दुसऱ्या दिशेच्या १६. केवळ २४ रेघांत १२८ छेद मिळतात आणि प्रत्येक छेदावर एक बटण बसू शकतं. मदरबोर्डवरची एक छोटी चिप या रेघांवरून सेकंदाला कित्येक वेळा फेरी मारते आणि कुठली रेघ कुठल्या रेघेला टेकली ते पाहते. या सगळ्या रेघा कीबोर्डच्या पोटातून निघणाऱ्या एका चपट्या रिबन केबलमध्ये येतात आणि ती केबल मदरबोर्डवरच्या कनेक्टरमध्ये बसते.

निदानाची किल्ली या रचनेतच आहे. एक रेघ तुटली तर एक बटण जात नाही. त्या रेघेवर, तुटलेल्या जागेच्या पुढे, जेवढी बटणं आहेत तेवढी सगळी जातात. कोणती बटणं कोणत्या रेघेवर हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, पण ३, ई, डी आणि सी अनेक कीबोर्डांत एकाच रेघेवर असतात. माझी एकामागून एक गेलेली बटणं म्हणजे चार वेगळे बिघाड नव्हते. एकच रेघ कुठेतरी खराब होत होती आणि ती खराबी पुढे पुढे सरकत होती.

यादी कशी वाचावी

एकच बटण अडतं, जोरात दाबलं की चालतं किंवा दाबताना कचकच लागते, असं असेल तर दोष बहुधा वरच्या वर असतो. टोपीखाली धूळ, केस, खाण्याचा कण अडकलेला असतो, किंवा कात्रीचा एक दात निखळलेला असतो. एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटत असेल तर घुमट किंवा पडद्याचा टेकणारा भाग झिजलेला असू शकतो. दोन रेघा टेकताना क्षणभर थरथरतात, आणि ती थरथर दुर्लक्षिण्यासाठी चिप काही मिलिसेकंद थांबते. झिजलेल्या जागी थरथर त्याहून लांबते आणि एका दाबाचे दोन होतात.

तीन-चार किंवा अधिक बटणं एका वेळी किंवा ओळीने गेली, तर तुटलेली रेघ किंवा सैल झालेली रिबन केबल यांच्यावर संशय घ्यावा. टोप्या साफ करून इथे उपयोग नाही. एक बटण दाबलं की भलतीच दोन अक्षरं येतात, किंवा कोणी हात न लावता अक्षरांची रांग लागते, तेव्हा दोन रेघा आतल्या आत जोडल्या गेलेल्या असतात. याचं नेहमीचं कारण म्हणजे आत गेलेलं पाणी किंवा चहा. आणि सगळाच कीबोर्ड मुका झाला तर केबल कनेक्टरमधून निसटली आहे, ती चिप रुसली आहे, किंवा मुळात बिघाड कीबोर्डचा नाहीच, या तीन शक्यता तपासाव्या लागतात.

सुरू करतानाच लॅपटॉप बीप बीप करत अडून बसला, तर एखादं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलं आहे का हेही पाहावं. यंत्राला वाटतं, कोणीतरी सतत बटण दाबून बसलं आहे.

आधी निर्दोष सुटू शकणाऱ्यांची चौकशी

पुष्कळदा कीबोर्ड धडधाकट असतो आणि दोष एखाद्या सेटिंगचा असतो. लहान लॅपटॉपवर नम लॉक चुकून चालू झालं की जे, के, एलच्या जागी १, २, ३ आणि यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६ उमटतात. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवलं की 'फिल्टर कीज' चालू करायची विचारणा होते. नकळत होकार गेला तर भरभर दाबलेली बटणं यंत्र सोडून देऊ लागतं आणि कीबोर्ड मंद झाल्यासारखा वाटतो. शिफ्ट ५ वेळा दाबलं की 'स्टिकी कीज' विचारतं. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह येत असेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही, त्याची मांडणी अमेरिकनऐवजी ब्रिटिश निवडली गेली आहे. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून मांडणी बदलता येते.

यापुढची चाचणी सगळ्यांत मोलाची. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करताना एफ २, एफ १०, डिलीट किंवा त्या कंपनीने ठरवलेलं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जावं. तिथे विंडोज अजून जागी झालेली नसते. अनेक लॅपटॉपचा आतला कीबोर्ड मदरबोर्डशी अजूनही आयबीएमच्या १९८४च्या पीसी/एटी संगणकाच्या जुन्या भाषेत बोलतो. लिनक्समध्ये उपकरणांची यादी काढली तर त्याचं नाव 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' असं दिसतं. ही भाषा बायोसला उपजतच कळते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. म्हणून जे बटण बायोसमध्ये चालतं आणि विंडोजमध्ये चालत नाही, त्याचा दोष सॉफ्टवेअरचा. तिथे डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्डची नोंद काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू करावं. जे दोन्हीकडे मुकं, त्याचा दोष शरीराचा. अशा वेळी एकदा यंत्र बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावं. चिप रुसली असेल तर ती एवढ्याने ताळ्यावर येते.

दुसरी चाचणी बाहेरच्या यूएसबी कीबोर्डची. तो नीट चालला तर विंडोज ठीक आहे. कामही अडत नाही, कारण दुरुस्ती होईपर्यंत तोच लावून काम करता येतं. पासवर्डमधलं अक्षरच बंद पडल्यामुळे लॅपटॉप उघडेना, अशी वेळ अनेकांवर येते. त्यांनी लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या सुलभतेच्या चिन्हावर टिचकी मारून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा आणि माउसने पासवर्ड भरावा. हा पडद्यावरचा कीबोर्ड तपासणीलाही उपयोगी पडतो. खरं बटण दाबलं की तिथलं चित्र उजळतं. जे उजळत नाही ते यादीत लिहावं.

एखादंच कमी लागणारं बटण गेलं असेल तर त्याचं काम दुसऱ्याला सोपवता येतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर हे फुकट करून देतो. मात्र तो विंडोज सुरू झाल्यावरच कामाला लागतो. बायोसमध्ये किंवा लॉगिनच्या पडद्यावर त्याचा उपयोग नाही.

धूळ, चहा आणि फुगलेली बॅटरी

धूळ किती महाग पडू शकते हे ॲपलच्या बटरफ्लाय कीबोर्डने साऱ्या जगाला दाखवलं. २०१५ साली १२ इंची मॅकबुकमध्ये कंपनीने कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी यंत्रणा आणली. बटण खूप पातळ झालं, पण हालचालीला जागा उरली नाही, आणि धुळीचा एक कणही ते अडवायला पुरू लागला. अक्षरं गाळली जाऊ लागली किंवा दोनदा उमटू लागली. जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्री परत आली, १ मिलिमीटर हालचालीसह. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

धूळ काढायची तर लॅपटॉप बंद करून तिरका धरावा आणि दाबाच्या हवेचा डबा थोडक्या फवाऱ्यांनी, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावा. तोंडाने फुंकू नये, थुंकी आत जाते. टोपी काढायचीच असेल तर आपल्या मॉडेलमध्ये ती कोणत्या बाजूने सुटते ते आधी शोधावं. चुकीच्या बाजूने उचकटली तर कात्रीचा दात मोडतो. स्पेस, शिफ्ट आणि एंटर यांच्याखाली तारेची दांडी असते. गरज नसेल तर त्यांना हात लावू नये. चिकटपणासाठी कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं, पाणी नको.

चहा सांडला तर पहिली तीस सेकंदं महत्त्वाची. चार्जर काढायचा, पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र तत्काळ बंद करायचं, लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा उपडा करायचा. बॅटरी सुटी निघत असेल तर काढायची. 'चालतोय का बघू' म्हणून पुन्हा सुरू करायचा मोह आवरायचा, कारण ओल्या यंत्रातून वाहिलेली वीजच जास्त नुकसान करते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने उपयोग होत नाही. पाणी उडालं तरी दूध आणि साखर आत राहतात, आणि वर तांदळाची धूळ जाते. गरम हवेच्या ड्रायरने प्लॅस्टिक वाकतं. जितक्या लवकर कोणी जाणकार आतून उघडून साफ करेल तितकं बरं.

साखर आणि ओल एकदा त्या चांदीच्या रेघांना लागली की बिघाड लगेच दिसतोच असं नाही. रेघ हळूहळू काळी पडते, झिजते, आणि तुटते ती काही महिन्यांनी. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे काम भराभर होतं. माझ्या टेबलावर मार्च महिन्यात कपभर चहातले चार थेंब कीबोर्डवर उडाले होते. मी वरून पुसले आणि विसरून गेले. ते चार थेंब जूनपर्यंत काम करत होते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी पाहावी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो का? टचपॅड दबेनासं झालं आहे का? कीबोर्ड मधोमध उचलल्यासारखा दिसतो का? असेल तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते आणि बटणं अडतात ती तिच्या दाबामुळे. अशा यंत्राला चार्जर लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती पेट घेऊ शकते. इथे घरगुती प्रयोग थांबवून थेट दुरुस्तीवाल्याकडे जावं.

नवा कीबोर्ड घेताना

माझी यादी सांगत होती की रेघ गेली आहे, म्हणजे साफसफाईने भागणार नाही. पडद्यावरच्या रेघा दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. अख्खा कीबोर्ड बदलणं सोपं आणि टिकाऊ. मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. मुंबईकर याच कामासाठी लॅमिंग्टन रोडला जातात. दुकानदाराला मी लॅपटॉपचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, नाव नको. कीबोर्डच्या मागचा नंबर दाखवा." त्याचं म्हणणं पूर्ण खरं होतं. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये तीन-चार प्रकारचे कीबोर्ड बसवलेले असतात आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भागाचा क्रमांक बहुधा कीबोर्डच्या मागच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. डेल, एचपी, लेनोवो यांच्यासारख्या कंपन्या सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर खुली ठेवतात. यंत्र उघडायचे टप्पे तिथे दिलेले असतात.

खरेदीपूर्वी पाच गोष्टी जुळवून पाहाव्यात. पहिली, मांडणी: एंटरचं बटण आडवं आहे की उभं. भारतातले लॅपटॉप सहसा अमेरिकन, म्हणजे आडव्या एंटरच्या मांडणीचे असतात. दुसरी, रिबन केबल कुठून निघते, किती रुंद आहे, किती लांब आहे. तिसरी, दिव्याचा कीबोर्ड आहे का. त्याला दुसरी छोटी केबल असते, आणि मदरबोर्डवर तिचा कनेक्टर नसेल तर दिव्याचा कीबोर्ड घेऊन दिवे लागणार नाहीत. चौथी, पॉवरचं बटण कीबोर्डमध्येच आहे की वेगळं. पाचवी, भोवतालची चौकट सोबत आहे की नाही. ४वर रुपयाचं चिन्ह छापलेलं नाही म्हणून चांगला कीबोर्ड नाकारू नये. ते चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं, आणि ते छापील टोपीतून नव्हे, सॉफ्टवेअरमधून येतं. विंडोजमध्ये इंग्रजी (भारत) मांडणी निवडली की उजवं ऑल्ट आणि ४ दाबल्यावर ते उमटतं.

बदलण्याचं काम

बांधणीनुसार लॅपटॉपचे तीन गट पडतात. पहिल्या गटात कीबोर्ड वरून निघतो. पाठीमागे एक-दोन स्क्रूंच्या शेजारी कीबोर्डचं छोटं चित्र कोरलेलं असतं. ते काढले की वरच्या कडेच्या खिट्ट्या दाबून कीबोर्ड उचलता येतो. जुन्या यंत्रांत हीच पद्धत होती, आणि माझा सात वर्षांचा लॅपटॉप या गटातला. दुसऱ्या गटात कीबोर्ड खालून, वरच्या पॅनेलला डझनावारी छोट्या स्क्रूंनी किंवा वितळवून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी जखडलेला असतो. तिथे बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं बाहेर काढून त्या खुंट्या तोडाव्या लागतात आणि नंतर पुन्हा चिकटवाव्या लागतात. तिसऱ्या गटात कीबोर्ड सुटा मिळतच नाही. अख्खं वरचं पॅनेल, ज्याला दुरुस्तीवाले सी पॅनेल म्हणतात, तेच बदलावं लागतं. काही मॅकबुकमध्ये तर बॅटरीही त्याच पॅनेलला चिकटवलेली असते. पहिल्या गटाचं काम घरी होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं काम अनुभवी हातांकडे द्यावं, हा माझा मनापासून सल्ला.

घरी करायचं तर एका निवांत रविवारी, उजेडात करावं. आधी माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरलं म्हणजे ती अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होते. चार्जर काढावा. बॅटरी सुटी निघत असेल तर काढावी. आत बसवलेली असेल तर खालचं झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवावा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरवावी. गालिच्यावर बसून काम करू नये. अंगातली स्थिर वीज घालवायला धातूच्या खिडकीला हात लावावा. एका कागदावर लॅपटॉपची पाठ रेखाटून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावावा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला तर तो वरच्या बाजूने टोचून बाहेर येतो.

खिट्ट्या सोडवायला लोखंडी पाती नको. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड पुरतं. कीबोर्ड सुटला की तो झटकन उचलायचा नाही, कारण केबल अजून जोडलेली असते. हळूच पुढे, आपल्याकडे कलता करायचा. आता रिबन केबलचा कनेक्टर दिसतो. इथेच बहुतेक नवशिके अडखळतात. कनेक्टरचं लॉक दोन तऱ्हेचं असतं. एकात बारीक दांडी वर उलटायची असते, दुसऱ्यात दोन्ही टोकं धरून दांडी केसभर बाहेर सरकवायची असते. लॉक उघडलं की केबल आपसूक सैल होते. ओढावी लागली तर समजावं, लॉक अजून बंद आहे. जोर लावला तर ती दांडी मोडते, आणि मग मदरबोर्डवर डाग द्यायचं काम निघतं.

नवी केबल सरळ, शेवटच्या रेघेपर्यंत आत सारावी आणि लॉक बंद करावं. केबल एका बाजूला जरा तिरकी बसली तर पुन्हा काही बटणं मुकी होतात. खिट्ट्या बसवण्याआधी बॅटरी जोडून यंत्र सुरू करावं आणि सगळी बटणं यादीशी ताडून पाहावीत. मी तेच केलं. ३, ई, डी, सी चारही उमटली. मग यंत्र पुन्हा बंद केलं, कीबोर्ड दाबून खिट्ट्यांत बसवला आणि स्क्रू कागदावरून एकेक उचलून परत लावले. सगळं काम दोन तासांत आटोपलं.

मोडक्या बटणाला मोडक्या यंत्राची किंमत नको

ज्यांना हे घरी करायचं नाही त्यांनीही यादी करून दुकानात जावं. 'कीबोर्ड चालत नाही' म्हणण्याऐवजी 'ही चार बटणं बायोसमध्येही बंद आहेत, बाहेरचा कीबोर्ड चालतो' असं सांगितलं की दुरुस्तीवाल्याचा तपासणीचा वेळ वाचतो आणि नको ते भाग बदलले जात नाहीत. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या केंद्रात विचारावं. नवा भाग मूळ कंपनीचा आहे की जोड माल, त्यावर किती दिवसांची हमी, हे बिलावर लिहून घ्यावं. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील ग्राहकासमोर ठेवावा हा त्यामागचा विचार. हा हक्क ग्राहकाने मागितला तरच तो कागदावरून व्यवहारात येईल.

प्रोसेसर, पडदा, साठवण सगळं धड असताना चार बटणांपायी लॅपटॉप भंगारात जाणं मला सहन होत नाही. त्यात तांबं आहे, चांदी आहे, कोणाच्या तरी पगाराचे पैसे आहेत, आणि लहान गावातल्या एखाद्या मुलीच्या अभ्यासाला ते यंत्र अजून पाच वर्षं पुरलं असतं. काढलेला कीबोर्ड मात्र घंटागाडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत संकलकाकडे द्यायची सोय आहे, ती वापरावी.

मी जुना कीबोर्ड देण्याआधी एक गोष्ट केली. डीची टोपी काढली, मग मागचा पत्रा सोडवला आणि कडेने चिकटवलेले तीन पडदे एकमेकांपासून सोलले. उजेडाकडे धरल्यावर रेघांचं जाळं नकाशासारखं चमकलं. मधल्या बोटाच्या बटणांखालून जाणारी एक रेघ दिसली, आणि तिच्यावर सीच्या अलीकडे तिळाएवढा काळा डाग. त्या जागी चांदी उरलीच नव्हती. डीपाशी आणखी एक डाग होता, आधीचा, जास्त काळा. कागदावरच्या माझ्या यादीत डी पहिल्या क्रमांकावर होतं.